शाळेच्या खोलीखालची जमीन

(मुरूड तालुक्यातील आगरदांडा येथे भरलेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



सकाळच्या सत्रात वाचन-लेखनाचा विचार पुष्कळ झाला. दुपारसाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. बांधकामापूर्वी जमिनीची परीक्षा करणे हे अभियंत्याचे काम आहे; खडू-फळ्याशी त्याचा संबंध काय, अशी शंका मनात येणे साहजिक आहे. मीही आपल्यासारखाच अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेला शिक्षक आहे, अभियंता नव्हे. तरीसुद्धा हा विषय मी आग्रहाने घेतला, त्याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती प्रथम सांगतो.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी खाडीकाठच्या एका शाळेत होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळेला नवी खोली मंजूर झाली आणि गावाने मोठ्या मनाने जागा दिली. जागा सपाट होती, रस्त्यालगत होती, सर्वांना पसंत पडली. आखणीच्या दिवशी एक वृद्ध कोळीण डोक्यावरची पाटी उतरवून उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, माझ्या सासऱ्याच्या वेळी इथं होडी लागायची." मी हसलो. म्हातारीची आठवण म्हणून ऐकली आणि सोडून दिली. खोली झाली, उद्घाटन झाले. तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा निघाला. पुढे दार लागेना. जोत्याची एक बाजू बोटभर, नंतर दोन बोटे खाली गेली. पाहणीअंती असे निष्पन्न झाले की खोलीची अर्धी बाजू जांभ्याच्या कठीण तुकड्यावर होती आणि उरलेली अर्धी जुन्या भरावावर. त्या भरावाखाली खाडीचा गाळ होता. खोली धोकादायक ठरली, तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गेला, आणि मुले दोन वर्षे दुसऱ्या वाडीतील समाजमंदिरात बसली. तेथवर चालत जावे लागते म्हणून त्या काळात दोन मुलींची शाळा सुटली. म्हातारीचे ते एक वाक्य मी त्या दिवशी कागदावर लिहून अभियंत्याच्या हाती दिले असते, तर कदाचित खड्डा थोडा अधिक खोल गेला असता. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

शासकीय शाळाखोलीचा आराखडा बहुधा नमुन्याचा असतो. एकाच आराखड्यावर अनेक गावांत खोल्या उभ्या राहतात, आणि खर्चाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. भिंत, खिडकी, छप्पर सर्वत्र सारखे चालते. पाया मात्र सर्वत्र सारखा चालत नाही, कारण त्याच्या खालची जमीन कोणी नमुन्याप्रमाणे बनविलेली नाही. आपल्या या आगरदांड्याच्या परिसरातच पाहा. वर चढावे तो जांभ्याचा सडा; उतरावे तो नारळी-पोफळीच्या वाड्यांची वालुकामय पट्टी; त्यापलीकडे खाजण, तिवरे आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. एका मैलाच्या आत चार प्रकारची जमीन. गावाच्या नावातले दोन्ही शब्दही जमिनीचेच आहेत. आगर म्हणजे बाग किंवा मिठागर, आणि दांडा म्हणजे पाण्यात शिरलेली चिंचोळी भूमी. ज्या गावाच्या नावातच जमिनीची ओळख आहे तेथे खोली बांधताना जमिनीला विचारू नये, हे विचित्रच नव्हे काय?

जुन्या लोकांनी ते विचारले होते. समोर राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा आहे. भरती-ओहोटीचा मारा सोसून तो इतकी शतके उभा आहे, याचे श्रेय तटाच्या दगडांइतकेच त्याखालच्या अभंग खडकाला आहे. त्याच पाण्यात १६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांनी किल्ल्यापर्यंत पोहोचण्यासाठी दगडांचा भराव घालून वाट काढण्याचा प्रयत्न केला. मोगलांच्या स्वारीमुळे ते काम सोडावे लागले. समुद्रात भराव घालणे म्हणजे केवढा खटाटोप असतो याची कल्पना त्यावरून यावी. मुरूडसमोरचा पद्मदुर्गही खडकावरच आहे. तेथे गेलात तर मुलांना एक चमत्कार अवश्य दाखवा: लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, आणि दगडांमधला चुना मात्र मधाच्या पोळ्याप्रमाणे पुढे उरला आहे. हे थोडे विषयांतर झाले, पण खारी हवा आणि खारे पाणी बांधकामाचे काय करते हे त्यावरून पुस्तकाशिवाय समजते.

आता जमीन खचते म्हणजे काय होते ते पाहू. वाळूवर भार पडला की तिचे कण तत्काळ एकमेकांजवळ सरकतात. जे खचायचे ते बहुतेक बांधकाम चालू असतानाच खचते. खाडीच्या चिकण गाळाची रीत निराळी. त्याचे कण अतिसूक्ष्म असतात आणि कणांमधली जागा पाण्याने भरलेली असते. भार पडताच तो प्रथम पाणीच उचलते. मग ते पाणी हळूहळू, वर्षानुवर्षे, पिळले जाऊन बाहेर पडते आणि तितकी जमीन खाली बसते. म्हणूनच खोली उद्घाटनाच्या दिवशी सरळ असते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तडकते. या क्रियेचे गणित कार्ल तेर्झागी यांनी मांडले आणि १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मृदायांत्रिकी या शास्त्राचे ते जनक मानले जातात. आपणांस विशेष वाटावे असे की ते त्या काळी इस्तंबूल येथे अध्यापन करीत होते आणि त्यांची आरंभीची उपकरणे हाती लागेल त्या सामानातून जुळविलेली होती. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, अशी तक्रार माझ्याकडे येते तेव्हा मला त्यांची आठवण होते.

सारी इमारत सारख्या प्रमाणात खचली तर फारसे बिघडत नाही. एक बाजू अधिक आणि दुसरी कमी खचली म्हणजे भिंती ताणल्या जातात आणि खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे धावतात. इटलीतील पिसा येथील कलता मनोरा आपण चित्रात पाहिला आहे. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले आणि थोडे मजले चढताच मऊ जमिनीमुळे तो एका अंगाला झुकू लागला. पुढे काम जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. त्या अवधीत खालची चिकणमाती दबून थोडी बळकट झाली, आणि तेवढ्यामुळेच वरचे मजले तरले असे तज्ज्ञांचे मत आहे. अलीकडे उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून मनोरा काहीसा सरळ केला गेला. ते काम २००१ साली पूर्ण झाले. मनोऱ्यासाठी असा खर्च करता येतो. दोन खोल्यांच्या शाळेसाठी कोण करणार? तिची परीक्षा अगोदरच झाली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या कामांसाठी ही परीक्षा किती कसून होते ते आपण ऐकतोच. मुंबईहून उरण तालुक्यात उतरणारा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचे खांब समुद्राच्या गाळाखालच्या खडकाला जाऊन टेकले आहेत. पनवेलजवळच्या नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी तोडून दलदलीच्या जमिनीवर भराव घालावा लागला. रेवस ते रेडी या सागरी मार्गाच्या योजनेत आपल्या आगरदांड्याच्या खाडीवरील पुलाचाही समावेश आहे. अशा पुलाचा एकेक खांब ठरविण्यापूर्वी खाडीच्या तळात छिद्रे पाडून, प्रत्येक थराचा नमुना वर काढून, तो पेट्यांत क्रमाने लावून ठेवतात. संधी मिळाली तर त्या पेट्या मुलांना दाखवा. भूगोलाच्या पुस्तकातील भूस्तर तेथे हाताने चाचपता येतात.

ही परीक्षा कशी करतात? तिचा पहिला भाग अवजाराविना होतो. जागेवर फिरणे, जवळच्या विहिरींत डोकावणे, पावसाळ्यात पाणी कोठे साचते ते पाहणे, शेजारच्या घरांच्या भिंती तपासणे आणि वृद्धांना विचारणे, हा तो भाग. विहिरीची न बांधलेली बाजू म्हणजे जमिनीचा उभा छेदच होय. विहीर खणणाऱ्याला कोणत्या हातावर मुरूम लागला आणि कोणत्या हातावर पाणी, हे वीस वर्षांनीही आठवते. अभियंता या गावी चार तास येतो. आपण येथे वर्षानुवर्षे असतो. तेव्हा हा भाग न्यायाने आपल्याकडेच येतो.

त्यानंतर चाचणीचा खड्डा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमारतीचा भार पायाच्या तळाशी संपत नाही. पायाच्या रुंदीच्या सुमारे दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत तो खालच्या मातीला जाणवतो. म्हणजे सव्वा मीटर रुंदीच्या पायाखाली आणखी दोन-अडीच मीटरपर्यंत काय आहे हे कळले पाहिजे. खड्डा पायाच्या तळालाच थांबविला तर पाया ज्यावर ठेवायचा ती माती दिसते, पण भार ज्याने सोसायचा ती दिसत नाही. खाजणाच्या कडेला वरचा हातभर थर उन्हाने वाळून कठीण होतो आणि टिकाव मारताच खण्णकन वाजतो. त्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. जांभ्याचेही तसेच आहे. वर कठीण कवच, आणि खाली पुष्कळदा पिवळट-पांढरट मऊ माती. कित्येकदा मातीत रुतलेला एखादा मोठा धोंडा लागतो आणि मंडळी "कातळ लागला" म्हणून पहार खाली ठेवतात. माझ्या त्या खोलीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. छिद्रे पाडणारे जाणकार म्हणूनच खडक लागल्यावरही आणखी काही अंतर त्यात उतरून खात्री करून घेतात.

छिद्रात जमिनीची घट्टता मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. ६३.५ किलोग्रॅम वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून ठराविक आकाराच्या नळीवर सोडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून देऊन पुढचे ३० सेंटिमीटर नळी रुतण्यास किती घाव लागले ते मोजतात. मऊ गाळात चारही घाव पुरतात. घट्ट वाळूत तीसहून अधिक लागतात. मग नमुने प्रयोगशाळेत जातात. तेथे ओलावा, कणांचे आकार, चिकणपणा, दाबाखाली बसण्याचे प्रमाण आणि कातरबळ मोजले जाते. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक चाचणी मागावी, ती पाण्यातील व मातीतील क्षारांची. खारट जमीन काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढविते, आणि तो गंज बाहेरून दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. भूजलाची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस, भरतीच्या वेळी पाहावी. वैशाखातील कोरडा खड्डा खाडीकाठी खोटी साक्ष देतो.

यातील काही प्रयोग वर्गात करण्याजोगे आहेत. काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा माती घालून पाणी भरावे, हलवावे आणि ठेवून द्यावे. वाळू पाहता पाहता तळाशी बसते, गाळवटीला काही तास लागतात, आणि चिकणमातीने गढूळलेले पाणी दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. एक सावधगिरी सांगतो: खाजणातील मातीत मीठ असते आणि मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून लवकर बसतात. अशी माती प्रथम गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवून घ्यावी, नाहीतर बरणी फसविते. दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. ओल्या मातीची तळहातावर वळी वळावी. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत वळी न तुटता वळली गेली तर माती चिकण आहे, वाळूची वळी वळतच नाही.

घाटावरून किंवा मराठवाड्यातून बदलून आलेल्या बंधूंना काळ्या रेगडीचा अनुभव असेलच. ती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून जोते उचलते. तिच्या फुगण्याची चाचणी मोठी सुबक आहे. बारीक चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यावेत. एक भाग मापाच्या नळीत पाण्याखाली आणि दुसरा तशाच नळीत रॉकेलखाली चोवीस तास ठेवावा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीची उंची जितकी अधिक, तितकी ती माती फुगरी. वाढ निम्म्याहून अधिक दिसली तर अभियंत्याला अवश्य कळवावे. (रॉकेल आता शोधावे लागते, हे मला ठाऊक आहे. मिळाले तर ते शिक्षकांनीच हाताळावे.)

मात्र हे प्रयोग मुलांच्या शिक्षणासाठी आणि आपल्या सावधपणासाठी आहेत. पाया किती खोल आणि कोणत्या प्रकारचा असावा हे बरणीवरून कोणी ठरवू नये. तो निर्णय बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा. तसेच मुलांना खड्ड्यात उतरू देऊ नये. वाळूचा खड्डा कमरेहून खोल गेला की त्याच्या बाजू सूचना न देता कोसळतात. काठापासून दूर दोरी बांधावी, उपसलेली माती काठावर रचू नये, आणि सुट्टीत खड्डा झाकलेला असावा.

काही मुख्याध्यापक मला म्हणतात, "साहेब, आम्ही विचारले तर काम अडविले असा ठपका येतो." ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. निधी मार्चपूर्वी खर्ची पडला पाहिजे, ठेकेदाराची घाई असते, गावालाही खोली लवकर हवी असते. परंतु मुख्याध्यापक हा शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव असतो. जमिनीचा अहवाल झाला आहे काय, एवढा प्रश्न समितीच्या सभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदविण्याचा अधिकार त्याला आहे. त्याने काम अडत नाही. अहवाल झाला असेल तर त्याची प्रत दप्तरी लागते. झाला नसेल तर तो करण्याची आठवण वेळेवर होते. माझ्या अनुभवात सरळ विचारलेल्या प्रश्नावर अभियंते रागावत नाहीत. उलट गावच्या जुन्या ओहोळाची माहिती मिळाल्याबद्दल आभार मानणारे मला भेटले आहेत.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरील अनेक शाळांची छपरे उडाली. तेव्हापासून आपण सारे छपराकडे लक्ष देऊ लागलो, ते योग्यच झाले. पण मान वर करून पाहण्याच्या सवयीत खाली पाहणे राहून जाते. आणि खाली म्हणजे केवळ पायाखालीच नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. ज्या शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहेत तेथे उतारावरील नव्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा, यांची नोंद पावसाळ्यात करून तहसील कार्यालयास त्याच दिवशी कळविली पाहिजे. त्यासाठी कोणत्याही सभेची वाट पाहू नये.

जुन्या खोल्यांत तडे आहेतच. त्यांपैकी प्रत्येक तडा जमिनीचा नसतो. गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांना भिण्याचे कारण नाही. तडा वाढतो आहे काय, हे मात्र पाहावे. तड्यावर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने बसवावी आणि शेजारी तारीख लिहावी. भिंत हलली तर पट्टी तुटेल. ज्या दिवशी ती तुटेल त्या दिवशी मुलांना त्या खोलीतून बाहेर काढावे आणि मला लेखी कळवावे. आदल्या रात्री पाऊस किती झाला तेही त्यात लिहावे.

या केंद्रातील ज्या शाळांना यंदा नव्या खोल्या मिळणार आहेत, त्यांनी आपल्या जागेचा एक कच्चा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. त्यात विहिरी, जुने बांध, ओहोळ, भराव आणि गावातील किमान तीन वृद्धांनी सांगितलेली जागेची हकीकत असावी. त्याची एक प्रत अभियंत्यास आणि एक माझ्याकडे द्यावी. चाचणीचा खड्डा ज्या दिवशी खणणार तो दिवसही मला कळवावा, मी येईन. खाडीकाठच्या शाळांनी तो दिवस अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास धरावा. त्या दिवसांत भरती मोठी असते, आणि पाणी खड्ड्यात कोठवर चढते ते आपणांस एकत्र उभे राहून पाहता येईल.